नाशिकच्या बागा-शेतांचे तुकडे ओपनस्ट्रीटमॅपवर पुन्हा पुन्हा का बिघडतात

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भरता-बदलता येणाऱ्या खुल्या नकाशावर, नाशिक जिल्हा भरणाऱ्यांच्या तक्रारी साधारण ठरलेल्या असतात. दिंडोरीकडची बाग नीट काढली होती, आता तिथे काहीच दिसत नाही. निफाडजवळचं शेत रस्ता ओलांडून पलीकडच्या घरांवर चढलंय. व्हिनयार्ड (द्राक्षबाग) टाकलं होतं, कुणीतरी ऑर्चर्ड (इतर फळबाग) केलं. परत बदललं, परत ऑर्चर्ड. दुरुस्त करून ठेवावं, तर चार-सहा महिन्यांत पुन्हा तेच.

अशा वेळी बहुतेक जण विकी उघडून टॅगची (जागा काय आहे हे सांगणाऱ्या खुणांची) पानं वाचत बसतात. टॅग बघायलाच हवा, पण माझ्या पाहण्यात बिघाड जास्त करून कडेत असतो. कड कशाला चिकटवली, किती लांबवर नेली, आणि ती डोळ्यांना दिसणाऱ्या बांधावरून घेतली की कुठल्या तरी कागदावरून, एवढं तपासलं तरी बऱ्याच भानगडी उलगडतात. म्हणून इथे टॅगपेक्षा कडेबद्दल जास्त लिहितोय. (टॅग उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलेत. एडिटरमध्ये ते रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर, असेच टाकायचे.)

आधी बघा, खरंच मोडलंय का

नकाशाच्या चित्रात दिसत नाही म्हणजे डेटा गेला असं नाही. साइटवर उजवीकडचं प्रश्नचिन्हाचं बटण दाबून त्या जागेवर क्लिक करा. तुमचं क्षेत्र यादीत आलं, टॅग जागेवर असले, तर चित्र जुनं आहे एवढंच. ब्राउझरची कॅशे टाळून पान पुन्हा उघडा. खूप जवळून पाहिलं तर बदल लवकर दिसतो. झूम १२ आणि त्याखालच्या टाइल्स (नकाशाच्या चित्राचे तुकडे) मात्र आपल्या सवडीने बदलतात. अख्खा निफाड तालुका एका नजरेत बघून 'अजून पिवळं झालं नाही' म्हणणाऱ्यांनी थोडा धीर धरावा.

यादीत आलंच नाही, किंवा आलं पण आकार भलताच दिसतोय, तर त्याचा इतिहास उघडा. शेवटची आवृत्ती कुठल्या बदलसंचात (एकत्र जतन केलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात) आली आणि त्या बदलसंचाला काय शेरा दिलाय, ते वाचा. 'रस्ता सरळ केला', 'दुपदरी केला', 'नवीन इमेजरीप्रमाणे दुरुस्ती' असलं काही असेल तर रोग सापडला.

रस्त्याला चिकटलेलं शेत

आयडी या ब्राउझरमधल्या एडिटरमध्ये क्षेत्र काढताना कर्सर रस्त्याजवळ गेला की बिंदू आपोआप रस्त्याच्या रेषेला चिकटतो. काढणाऱ्याला वाटतं, छान, फट राहिली नाही. पण आता तो बिंदू शेताचाही आहे आणि रस्त्याचाही. पुढे कुणीतरी नवीन इमेजरी (वरून टिपलेलं चित्र) बघून रस्ता पाच-दहा मीटर सरकवतो. त्याचं काम अगदी बरोबर असतं. रस्त्याबरोबर शेताची कडही सरकते, ती मात्र उगाचच.

मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने, आडगावपासून पिंपळगाव बसवंतच्या पुढेपर्यंत, हे फार ठळक दिसतं. महामार्ग नकाशावर एक रेघ नसतो. जाणारी बाजू, येणारी बाजू, दोन्हीकडे सर्व्हिस रोड, अधूनमधून उड्डाणपूल. शेत जर आतल्या मुख्य रेषेला चिकटवलं असेल, तर सर्व्हिस रोड, पेट्रोल पंप, ढाबे, ट्रॅक्टरची शोरूम, सगळं लँडयूज=फार्मलँडच्या (शेतजमिनीच्या) पोटात जातं. मग दुसरा कुणी येऊन त्या पट्ट्यावर लँडयूज=रिटेल टाकतो, तेही त्याच बिंदूंना चिकटवून, आणि एकावर एक तीन थर चढतात. बऱ्याच नकाशांत लहान क्षेत्र मोठ्याच्या वर रंगवलं जात असल्यामुळे चित्र ठीकठाक दिसतं आणि घोळ झाकला जातो. शेतीखाली क्षेत्र किती, असं कुणी मोजायला बसला की आकडा फुगलेला निघतो.

शेताची कड रस्त्याच्या मध्यरेषेपर्यंत न्यायची की काठापर्यंत, यावर ओपनस्ट्रीटमॅपच्या लोकांत जुना वाद आहे आणि दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं आहेत. माझं मत सरळ आहे: शेत जिथे संपतं तिथे रेघ संपवा. रस्त्याकडेची चारी, बाभळी, कुंपण, ही कुणाचीच शेती नव्हे. शेताची कड शेजारच्या बागेच्या कडेला चिकटवायला हरकत नाही, कारण बांध दोघांचा एकच असतो. रस्ता, कालवा, रेल्वे आणि प्रशासकीय हद्द यांना मात्र चिकटवू नका. गंगापूर डाव्या कालव्याच्या काठाने काम करताना हे विशेष सांभाळा, कारण कालव्याची रेघही पुढेमागे कुणीतरी सुधारणारच.

आयडीत चिकटणं टाळायचं असेल तर बिंदू टाकताना आल्ट दाबून ठेवा. जोसम या संगणकावर टाकून घ्यायच्या एडिटरमध्ये तेच काम कंट्रोल करतो. आधीच चिकटलेलं सोडवायचं असेल तर आयडीत एखादा बिंदू किंवा अख्खं क्षेत्र निवडून डी दाबायचं. जोसममध्ये फक्त शेताची रेघ निवडून जी दाबलं की तिचे सगळे सामायिक बिंदू एका फटक्यात सुटे होतात. इथे एक खबरदारी हवी. सामायिक बांधाचे बिंदूही सुटतात, ते नंतर पुन्हा जोडावे लागतात. आणि सुटं झालं तरी रेघ रस्त्याच्या अंगावरच पडलेली असते. ती आत ओढायला विसरलात तर पुढचा माणूस तपासणीचा इशारा बघून दोन्ही परत जोडून टाकेल. जोसममध्ये डब्ल्यू दाबून मिळणारा अचूकता सुधारण्याचा मोड या ओढाओढीला सोयीचा आहे.

कधी कधी उलटी अडचण येते. रस्ता दुरुस्त करायला जावं, तर आयडी सांगतो की ही वस्तू लपवलेल्या वस्तूला जोडलेली आहे, म्हणून हलवता येणार नाही. म्हणजे तुम्ही किंवा एडिटरने लँडयूजचा थर लपवलाय आणि रस्त्याला शेत चिकटलेलं आहे. थर परत दाखवा, शेत सोडवा, मग रस्त्याला हात लावा.

अख्ख्या तालुक्याचा एकच तुकडा

याहून वाईट प्रकार मल्टिपॉलिगॉनचा, म्हणजे अनेक रेघा जोडून केलेल्या क्षेत्राचा. कुणीतरी उत्साहाने मैलोनमैल शेतीचं एकच रिलेशन (वस्तूंचा गट) करतो. बाहेरची कड म्हणून तयार रस्ते, नाले, रेल्वेची रेघ वापरतो. आत गावठाणं, तलाव, टेकड्या भोकं म्हणून देतो. दिसायला सुबक. पण हे सामायिक सातबाऱ्यासारखं असतं: एका हिस्सेदाराने घोळ घातला की सगळ्यांचं अडतं. रस्ता नुसता दोन भागांत तोडला तर एडिटर दोन्ही भाग रिलेशनमध्ये ठेवतो, त्यात धोका नाही. कुणी जुना रस्ता पुसून नवा काढला की मात्र बाहेरची कड एका जागी उघडी पडते. कड बंद नाही म्हणजे क्षेत्रच नाही. पाच-पंचवीस गावांची शेती एका दिवशी नकाशावरून नाहीशी होते, आणि ज्याने रस्ता बदलला त्याला याची गंधवार्ताही नसते.

उघडी जागा शोधायची सोपी रीत अशी. जोसममध्ये रिलेशनचे सगळे सदस्य उतरवून घ्या, अर्धवट उतरवलेल्या रिलेशनवर काम करू नका. मग व्हॅलिडेटर (चुका शोधणारी सोय) चालवा. कड कुठे तुटली ते तो दाखवतो. ओएसएम इन्स्पेक्टर या तपासणीच्या साइटवर क्षेत्रांच्या दृश्यातही असे तुटके आकार दिसतात, एकदम मोठा भाग तपासायला ते बरं. तुटलेला तुकडा जोडून रिलेशन पुन्हा उभं करता येतं. पण तेवढ्यावर थांबलात तर पुढच्या रस्तादुरुस्तीला ते परत पडणार. मी अशी रिलेशन दुरुस्त करण्यापेक्षा फोडतो. झूम १५ ला स्क्रीनवर आरामात मावेल एवढ्या साध्या बंद आकारांत शेती काढली, तर मोडलं तरी एवढंच मोडतं आणि कुणालाही दुरुस्त करता येतं. दर बांधाला वेगळा तुकडा करायची गरज नाही. नाला, पाणंद, शिव, रस्ता, असे नैसर्गिक खंड पुरतात. शिवाय एका रेघेत २००० पेक्षा जास्त बिंदू चालत नाहीत, नाल्याच्या वळणावळणाने गेलात तर ही मर्यादा लवकर गाठली जाते.

सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांत समृद्धी महामार्गामुळे आणखी एक काम निघालंय. रस्त्याच्या आधी काढलेली शेतं नव्या रस्त्याच्या खालून आरपार गेलेली दिसतात. तिथे दोन तुकडे करायला जाऊन लोक फसतात, कारण आयडीत बंद क्षेत्राचे दोन बिंदू निवडून एक्स दाबलं की दोन शेतं होत नाहीत. दोन उघड्या रेघांचं एक मल्टिपॉलिगॉन तयार होतं, म्हणजे टाळायचं तेच हातून होतं. आयडीत काम करत असाल तर जुना आकार आखडून एका बाजूला आणा आणि दुसऱ्या बाजूचा नव्याने काढा. जोसममध्ये युटिल्सप्लगिन२ हे जोडसाधन टाकून घेतलं की वस्तू दुभंगण्याची सोय मिळते, ती खरोखर दोन वेगळी क्षेत्रं करून देते.

वरून बाग ओळखताना

नाशिकची द्राक्षबाग वर्षात दोनदा छाटली जाते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी. बागलाण-कळवणकडे अर्ली बागांची छाटणी त्याच्याही आधी उरकते. इमेजरी खरड छाटणीनंतरची असेल तर वरून पान दिसत नाही. तपकिरी माती, मांडवाच्या तारा-अँगलच्या बारीक सावल्या आणि नऊ-दहा फुटांवर सरळ ओळी, एवढंच. बाहेरचा माणूस याला नांगरलेलं शेत समजतो आणि व्हिनयार्ड काढून फार्मलँड करतो. त्याची काही चूक नाही, त्याने एकच चित्र पाहिलंय. आयडीत पार्श्वभूमी बदलून दोन-तीन पुरवठादारांची इमेजरी बघा, तारीख मिळत असेल तर तीही. एका चित्रात उघड्या ओळी आणि दुसऱ्यात गर्द हिरवे पट्टे असतील तर ती बाग. दोन पुरवठादारांच्या चित्रांत जागा काही मीटर इकडेतिकडे असते, डोंगराळ भागात जास्तच. कड काढण्याआधी जीपीएसच्या नोंदींशी जुळवून घ्या, नाहीतर शेजारच्याने वेगळ्या चित्रावर काढलेल्या शेताशी तुमचं शेत भांडत बसेल.

अवकाळी पाऊस आणि गारपिटीच्या धास्तीने आता बऱ्याच बागांवर प्लास्टिकचं आच्छादन येतं. वरून पांढरे चकचकीत पट्टे दिसतात आणि हमखास कुणीतरी लँडयूज=ग्रीनहाउस_हॉर्टिकल्चर टाकतो, काही जण तर बिल्डिंगच. आच्छादन हंगामापुरतं असतं, खाली वेल तोच. व्हिनयार्ड राहू द्या. खरं पॉलिहाउस ओळखायचं तर छताच्या कमानी आणि बारमाही ठेवण बघा. जुन्या चित्रातही तिथेच असेल तर पॉलिहाउस.

निळं किंवा काळं प्लास्टिक अंथरलेलं चौकोनी शेततळं दिसलं की लांबच्या मॅपरला तो पोहण्याचा तलाव वाटतो. लासलगाव, चांदवड, सिन्नरच्या कोरड्या पट्ट्यात पोहायला एवढे तलाव असते तर उन्हाळा बरा गेला असता! नॅचरल=वॉटर आणि वॉटर=पाँड पुरेसं आहे. लांबट अरुंद पत्र्याची कांदाचाळ ही बिल्डिंग=फार्म_ऑक्झिलरी. तिच्याभोवती घर, गोठा, ट्रॅक्टर उभा करायची जागा असं मळ्यातलं खळं असेल तर तेवढ्यालाच लँडयूज=फार्मयार्ड. मळ्यातल्या एकट्या घराभोवती रेसिडेन्शियल (वस्ती) काढत बसू नका. गावठाणाला मात्र रेसिडेन्शियल हवंच. मळ्याचं नाव लोकांच्या तोंडी असेल तर ते प्लेसच्या (ठिकाणाच्या) बिंदूवर द्या, शेताच्या क्षेत्राला नको. 'द्राक्ष बाग' हे नाव नव्हे, वर्णन आहे. आणि शेतकऱ्याचं स्वतःचं नाव तर कुठेच टाकू नये.

व्हिनयार्ड-ऑर्चर्डची भांडणं बहुधा एका गैरसमजातून होतात. काहींना वाटतं, व्हिनयार्ड फक्त वाइनच्या द्राक्षांना. तसं नाही. खायची असोत, बेदाण्याची असोत की वाइनची, द्राक्षाची लागवड म्हणजे लँडयूज=व्हिनयार्ड. ऑर्चर्ड डाळिंब, पेरू, आंब्याला. कांदा, टोमॅटो, सोयाबीन, मका, गहू यांना नुसतं फार्मलँड. हंगामागणिक पीक बदलत बसू नका, कुणीच ते चालू ठेवणार नाही. बाग तोडून तिथे टोमॅटो लागला असेल तर मात्र बदल जरूर करा. बाग पुन्हा लावायची म्हणून अँगल उभेच ठेवले असतील तर एखादं वर्ष थांबलेलं बरं.

कागदावरची जमीन

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जमीन आज कशी वापरली जाते ते लिहायचं असतं. विकास आराखड्यात यलो बेल्ट (निवासी पट्टा) आहे, प्लॉट एनए झालाय, ले-आउटचे दगडही रोवलेत. पण वर अजून द्राक्षं लटकतायत. मग ते व्हिनयार्डच. घरांचं बांधकाम सुरू झालं की लँडयूज=कन्स्ट्रक्शन, लोक राहायला आले की रेसिडेन्शियल. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावच्या कडेने शहर ज्या वेगाने सरकतंय, तिथे आराखडा बघून आधीच रेसिडेन्शियल रंगवलेले पट्टे सापडतात. ते परत मागे घ्या. सातबारा, गटनकाशा किंवा गूगलच्या नकाशावरून रेघा उतरवणं तर वेगळ्याच कारणाने वर्ज्य: ओडीबीएल या ओपनस्ट्रीटमॅपच्या खुल्या परवान्याखाली देता येईल अशी स्पष्ट परवानगी नसलेलं काहीही इथे आणायचं नाही.

सातपूर-अंबडलाही हेच लागू. एमआयडीसीची पूर्ण हद्द घेऊन एकच इंडस्ट्रियल काढलं की त्यात वसाहती, शाळा, बाजार सगळं अडकतं. कारखाने आहेत तेवढंच घ्या.

वनखात्याच्या जमिनीचा घोळ सगळ्यात चिवट. नकाशावर डोंगर हिरवागार, प्रत्यक्षात उन्हाळ्यात गवत आणि खडक. वनविभागाची हद्द ही बाउंड्री=फॉरेस्ट किंवा बाउंड्री=प्रोटेक्टेड_एरिया म्हणून वेगळी रेघ असू द्या, आणि आत जे दिसतं ते नॅचरल=स्क्रब, ग्रासलँड, बेअर_रॉक, खरोखर झाडी असेल तिथे वूड, असं वेगळं भरा. बोरगडला हे जमतं, अंजनेरीला जमतं, आणि नांदूरमध्यमेश्वरला तर त्याशिवाय इलाजच नाही. रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत) आलेल्या त्या पाणथळाभोवतीच्या अभयारण्याच्या हद्दीत शेती आहे, गावं आहेत. हद्द म्हणजे जंगल असं धरलं तर गावठाणावर झाडं उगवतात. गायरानालाही पावसाळी चित्र बघून मेडो (कुरण) देऊ नका. चाऱ्यासाठी राखून कापलं जात नसेल तर ते ग्रासलँड.

धरणांच्या काठी गाळपेर असते. पाणी ओसरलं की गंगापूर-दारणाच्या बुडीत जमिनीवर पीक उभं राहतं आणि उन्हाळी इमेजरीत ते शेत म्हणून काढलं जातं, पावसाळी इमेजरीत पाणी म्हणून. भरलेल्या पातळीपर्यंत पाणीच काढा, उघडी पडणारी किनार वेगळी करून तिला इंटरमिटंट=येस द्या. नदीला उलट नियम: नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय अशा दिवशीचं चित्र घेऊन गोदावरीचा काठ आखू नये.

शहरातलं थोडक्यात

जुन्या नाशकात खाली दुकान, वर घर. मेन रोड, रविवार कारंजा भागात गल्लीगल्लीला रिटेल रंगवण्यापेक्षा रेसिडेन्शियलवर दुकानांचे बिंदू टाकले तर ते टिकतं. गंगेवरचा (गोदाघाटावरचा) बुधवारचा बाजार अमेनिटी=मार्केटप्लेस आणि वेळेच्या टॅगमध्ये बुधवार; लँडयूज नाही. साधुग्राम सिंहस्थापुरतं. २०१५ ला झालं, आता २०२७ ला पुन्हा. तंबू पडले म्हणून तपोवनातल्या जमिनीचा कायमचा टॅग बदलायचा नाही. पक्के रस्ते, जलवाहिन्या, घाट असं जे उठून जाणार नाही ते जरूर भरा.

एवढं करूनही परत बदललं तर

लगेच उलटवू नका. बदलसंचाच्या पानावर टिप्पणी लिहा, आणि समोरचा परदेशातलाही असू शकतो म्हणून सोबत इंग्रजीत दोन ओळी द्या. 'चुकीचं केलंत' याने सुरुवात केली की संवाद संपतो. असं काहीतरी चालतं: 'नमस्कार, ही बाग एप्रिलमध्ये छाटलेली असल्यामुळे या इमेजरीत उघडी दिसते. मी जागेवर जाऊन पाहिली आहे, द्राक्षच आहे. व्हिनयार्ड परत केलं तर तुमची हरकत आहे का?' उत्तर बहुतेक वेळा येतं, आणि बरंचसं सौजन्याने. आठवडाभर काहीच आलं नाही तर बदला आणि आपल्या बदलसंचाच्या शेऱ्यात त्या टिप्पणीचा उल्लेख ठेवा.

जागा वारंवार बदलली जात असेल तर वस्तूवरच नोट हा टॅग टाका. एडिटर उघडणाऱ्याला तो दिसतो, नकाशावर येत नाही. मजकूर छोटा, तारखेसह: 'द्राक्षबाग, हंगामात प्लास्टिक आच्छादन, पॉलिहाउस नाही. प्रत्यक्ष पाहणी, जानेवारी (इथे वर्ष).' वर्ष लिहायला विसरू नका, कारण बाग तोडली गेली की हीच नोट पुढच्या माणसाची वाट अडवेल आणि ती काढायची की नाही हे त्याला त्या वर्षावरूनच ठरवावं लागेल.